कोरडी हवा

"उमलतील की, दोन दिवसांत उमलतील," असं गंगाराम बोलून गेला, आणि आपल्या तोंडून इतकं सराईत खोटं बाहेर पडलेलं ऐकून स्वतःच रत्नागिरीच्या गोखले नाक्यावर भर रस्त्यात थांबला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला तेव्हा कुठे बाजूला झाला. समोरची मुलगी, मृणाली म्हणून कोणी, बँकेत कामाला, त्याच्या ओळखीची नव्हती. तिनेच त्याला हेरलं होतं. "काका, तुम्ही फुलांच्या काकूंचे मिस्टर ना?" इथून तिने सुरुवात केली, मग तिच्या गॅलरीतलं लाल अँथुरियम काकूंनीच कसं दिलंय ते सांगितलं, आणि मग विचारलं, "त्या निळ्या व्हँडा ऑर्किडच्या कळ्या काय म्हणतायत? काकूंनी फोटो पाठवलेला. अकरा वर्षांनी पहिल्यांदा धरल्यात ना?" चौतीस वर्षं जहाजावर काढलेल्या आणि शेवटची बारा वर्षं सारंग म्हणून वीस वीस माणसांना डेकवर नाचवलेल्या माणसाला 'फुलांच्या काकूंचे मिस्टर' ही पदवी पचायला जरा जडच, पण झोंबली ती पदवी नव्हे. ज्या कळ्या दोन दिवसांत उमलणार होत्या, त्या सातांतल्या पाच त्या घटकेला त्याच्या शर्टाच्या खिशात, रुमालाच्या घडीत पडलेल्या होत्या. मुलगी हसून निघून गेली. गंगारामने खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मिरजोळ्याला जाणारी रिक्षा थांबवली.

मिरजोळ्याला एमआयडीसीच्या अलीकडे एक नर्सरी होती, तिथल्या माणसाला या कळ्या दाखवायच्या आणि विचारायचं, हे काय झालं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे होतं, एकच माणूस होतं, आणि नेमकं त्याच माणसाला विचारता येत नव्हतं. सगुणा आठ दिवसांपूर्वी सावर्ड्याला बहिणीकडे गेली होती. कमळाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घरात करणारं कोणी नाही, बारा दिवस तरी लागतील, असं म्हणाली होती. निघताना तिने गंगारामला परसात नेलं, हिरव्या जाळीचं दार उघडून आत उभं केलं आणि पोराला शाळेत सोडताना बाईंना सांगावं तसं एकेक सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पंपाने पाणी फवारायचं. बाजूला लावलेली गोणपाटं सुकू द्यायची नाहीत. फरशीवर पाणी साचलं तर साचू दे. व्हँडाची मुळं लोंबतायत ती पांढरी दिसली की तहानलेली समजायचं, पाणी मारलं की हिरवी होतात, झाली की पुरे. "आणि बाकी काही करू नका," असं ती शेवटी म्हणाली. दोनदा म्हणाली. गाडीत बसल्यावर खिडकीतून तिसऱ्यांदा म्हणाली. आता, जन्मभर ज्याला काही ना काही करत राहण्याचाच पगार मिळाला, त्याला 'काही करू नका' हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यातलाच प्रकार.

त्या जाळीच्या खोलीत तो याआधी क्वचितच गेला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती जागा त्याला सगुणाच्या माहेरासारखी वाटायची. जावं, चहा घ्यावा, उठावं. पहिल्या सकाळी एकटाच आत शिरला तेव्हा त्या हवेने त्याला अंगभर धरलं. ओली, जड हवा. भिजलेल्या नारळाच्या सोडणांचा, कोळशाचा, शेवाळाचा, कसल्या तरी गोडसर कुजण्याचा वास. चिऱ्याच्या कट्ट्यावर अँथुरियमच्या कुंड्या, लालभडक, तेल लावून पुसल्यासारखी फुलं. कोपऱ्यात विहिरीच्या वाहत्या पाण्यावर वाढलेली हेलिकोनियाची गर्दी, तिची केशरी-पिवळी चोचीचोचींची फुलं खाली लोंबतायत. वर आंब्याच्या सालीला बांधलेली ऑर्किडं. गोणपाटांवर काळी बुरशी. फरशीवर पाय घसरेल असं शेवाळ. लोखंडी स्टँडला गंज. जाळीच्या आतून थेंब टिपटिप खाली. आणि गंगारामच्या छातीत एकदम जुनी घंटा वाजली. घाम! माल भिजतोय!

जहाजाला घाम येतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून पटत नाही. पण येतो. उष्ण मुलखात तांदूळ भरावा, थंड मुलखाकडे निघावं, की होल्डच्या, म्हणजे पोटातल्या मालकोठाराच्या, पत्र्याला आतून थेंब धरतात, ते पोत्यांवर गळतात, आणि महिनाभराने झाकण उघडावं तो आतून वाफ आणि आंबूस वास. म्हणून चीफ मेट, माल सांभाळणारा अधिकारी, रोज आतली हवा मोजायचा, बाहेरची मोजायचा, आणि बाहेरची कोरडी असली की हाक मारायचा, सारंग, उघड सगळं! गंगाराम माणसं घेऊन धावायचा. चौतीस वर्षं त्याने तेच केलं, दमटपणाला मारलं. गंज खरवडला, रंग मारला, पुन्हा गंज, पुन्हा रंग. एकदाच हरला. बंगालच्या उपसागरात चार दिवस वादळ लागलं, झाकणं उघडता आली नाहीत, आणि बंदरात दोन नंबरचा होल्ड उघडला तर पोत्यांच्या शिवणींतून तांबूस-पांढरे कोंब वर आलेले. भाताचाच माल होता तो, तुसासकट. अंधारात, समुद्राच्या मधोमध रुजलेलं. कप्तानाने जे बोलायचं ते बोलून घेतलं. पण गंगाराम त्या शिडीवर उभा राहून नुसता वास घेत होता, कारण तो वास सगळा मृगातल्या रोपांचा होता, घरचा, आणि शिव्या खाताना त्याला हसू येत होतं की रडू हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं. ती गोष्ट त्याने सगुणालाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तर त्या दिवशी त्याने बाह्या सरसावल्या. बारा दिवसांनी ती परत येईल तेव्हा ओळखणार नाही असं करून ठेवू, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर बायकोसाठी काही करायचं असं इतक्या उमाळ्याने त्याच्या मनात कित्येक वर्षांत आलं नव्हतं. सगळी गोणपाटं त्याने उतरवली, धुतली आणि कुंपणावर उन्हात घातली. फरशी काथ्याने घासली, ब्लीचिंग टाकलं. बाजूला वाऱ्याच्या आडोशाला सोडलेली प्लॅस्टिकं गुंडाळून दोरीने अशी बांधली की खलाशालाच सुटावी. गंज खरवडून स्टँडना रुपेरी रंग मारला, आणि रंग लवकर वाळावा म्हणून आणि एकूणच हवा खेळती राहावी म्हणून हॉलमधला उभा पंखा वायर ओढून आत आणला आणि चालू करून ठेवला. माघाचे दिवस. सकाळी डोंगराकडून जमिनीचा वारा सुटतो, ओठ फुटावेत असा कोरडा. तो आता जाळीतून आरपार वाहू लागला. संध्याकाळी गंगाराम दारात उभा राहिला. फरशी चकचकीत, स्टँड चमकतायत, कुठे थेंब नाही. डेक बघून खूश व्हावं तसा तो खूश झाला, आणि आत जाऊन दोन माशाच्या तुकड्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी पहिली कळी पिवळी पडली. चौथ्या दिवशी गळली, आणि तिच्यामागोमाग दुसरी. आधी त्याला वाटलं, झाडाचा हिशोब असेल, आंब्याचा मोहोर नाही का गळत, धरतो तेवढा कुठे राहतो. पण मुळंही बघितली तर पांढरी, पाणी मारावं तर घटकाभर हिरवी होऊन पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा पांढरी. अँथुरियमच्या पानांच्या कडा कागदासारख्या तपकिरी झाल्या. त्याच संध्याकाळी फोन आला. "जेवलात काय? झाडं कशी हायत? कळ्या?" आणि गंगाराम म्हणाला, "सगळं बरं आहे." त्यानंतर रोज फोन आला आणि रोज तो तेच म्हणाला. पाच कळ्या गळेपर्यंत म्हणाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्याला कळलं होतं. मारुती का झाला तेवढं कळत नव्हतं.

नर्सरीवाला धाकू साठीच्या पुढचा, डोक्याला पंचा, हातात खुरपं. त्याने रुमालातल्या कळ्या तळहातावर घेतल्या, एक चिमटीत दाबली. "वारा लागलाय हिला," तो म्हणाला. "सुका वारा. पंखाबिंखा लावलाव काय?"

गंगाराम रिकाम्या रुमालाच्या कडा सरळ करू लागला.

"आणि रंगाचा वास येतोय तुमच्या अंगाला. कळी धरलेली असताना रंग लावायचा नाय वो जवळ. तिला सोसत नाय." धाकूने कळ्या परत रुमालात ठेवल्या, जपून ठेवल्या. "ही झाडं हवेतलं पाणी पितात. मुळं कुंडीत नाय, हवेत. हवा सुकी केलीत म्हणजे तिच्या तोंडचा पेलाच काढून घेतलात की."

"जहाजावर होतो मी," गंगाराम म्हणाला. का म्हणाला कोण जाणे. धाकूने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू त्यात सगळं आलं. मग आत बोलावून त्याला आपली झाडं दाखवली, आणि तिथे, दारापासून तिसऱ्या तारेवर, निळा व्हँडा फुललेला होता. पाकळ्यांवर बारीक जाळी, निळ्यातून जांभळा झिरपलेला. पानांची लांबी तीच. मुळांची तशीच झिपरी दाढी. गंगारामने हात लावला. हा न्यायचा, सालीवरून घरचा तो उतरवून त्या जागी याला बांधायचं, सुतळीसुद्धा तीच वापरायची. रविवारी ती येईल, दार उघडेल, बघेल. त्याने गाठ कशी मारायची इथपर्यंत मनात ठरवून टाकलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे सगुणा आली. सगुणा फुलाकडे बघत नव्हती, पानाच्या बुंध्याशी बघत होती, जिथे सहा वर्षांपूर्वी गोगलगाईने कुरतडलेली खाच होती. पोफळीच्या कॉलनीतल्या सावित्रीबाई क्वार्टर सोडून निघाल्या तेव्हा त्यांच्याकडून सगुणाने तो बोटभर कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. तेव्हा गंगाराम ब्राझीलच्या वाटेवर होता. त्या कोंबाची एकूणएक खाच तिला पाठ. आणि समजा नसती ओळखली, तर? मग ती रोज त्या परक्या झाडाला माझं माझं म्हणत पाणी घालणार आणि हा बाजूला उभा राहून बघणार. त्याने हात काढून घेतला. धाकूला म्हणाला, "नको. जातो."

घरी येऊन पहिल्यांदा पंखा बंद केला. गोणपाटं हौदात बुडवली आणि ठिबकती तशीच पुन्हा टांगली, प्लॅस्टिकं सोडली, चकचकीत फरशीवर बादल्यांनी पाणी ओतलं. स्वतःचीच कामं उलटी करत जायला तासभर लागला. मग बाहेर न येता तो कट्ट्याच्या कडेला बसून राहिला. हळूहळू हवा जड झाली. कपाळावर, मानेवर, हातांच्या केसांवर बारीक दव धरलं. एरवी त्याने टॉवेल मागितला असता. आज तसाच बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की हाताची कातडी मऊ पडतेय, श्वास लांब जातोय, आणि असं आपल्याला बरं वाटतंय. याच हवेत तर जन्म झाला होता आपला. एकविसाव्या वर्षी तिच्यातून उचलून आपल्याला लोखंडावर टांगलं, आणि आपण तिच्याशीच वैर धरलं. लोंबत्या मुळांवर हिरवा रंग चढत होता, या वेळी उतरत नव्हता. उरलेल्या दोन कळ्यांतली एक पिवळसर होती. दुसरीचं काही सांगता येत नव्हतं.

रविवारी काय सांगायचं? झाड आजारी पडलं म्हणावं. फोनवर कशाला, आल्यावर सांगू, तिथे बहिणीच्या दुखण्यात तिला आणखी त्रास कशाला, एवढ्या लांबून ती करणार काय. हे सगळं मनात येत गेलं आणि येता येता त्याला ते ओळखीचं वाटू लागलं. शब्दन्‌शब्द ओळखीचे. एवढ्या लांबून ते करणार काय. आल्यावर सांगू. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्या ज्या घरातला माणूस जहाजावर आहे त्या त्या घराचा हा कायदा. कोणी लिहून ठेवलेला नाही आणि कोणी मोडलेला नाही. वाईट बातमी जहाजावर कळवायची नाही. माणूस पाण्यात, त्याला उतरता येत नाही, डोकं फिरून काही करून बसला तर? म्हणून पत्रात सगळं बरं असतं. जहाजावरच्या सगळ्यांना हे माहीत असतं, म्हणून तर कोकणातली माणसं पत्र दोनदा वाचतात, एकदा काय लिहिलंय ते आणि एकदा काय लिहिलेलं नाही ते.

आप्पांच्या वेळी मात्र त्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्याचे वडील श्रावणात गेले. तो आला मार्गशीर्षात, बॅगेत त्यांच्यासाठी दाढीचं विजेचं मशीन घेऊन, कारण हात कापतो म्हणून ते कुरकुरायचे. मधल्या तीन पत्रांत 'आप्पा बरे आहेत' असं होतं, एकात तर 'आप्पांनी तुमची आठवण काढली' असंही होतं. फाटकात सगुणा उभी होती. "आधी पाय धुवा," म्हणाली. त्याने पाय धुतले. मग तिने सांगितलं. त्या दिवशी तो तिच्यावर जे ओरडला ते अर्ध्या मुरुगवाड्याने ऐकलं. मेलेल्या माणसाला पत्रात जिवंत ठेवतेस, लाज नाही वाटली? ती म्हणाली, "सगळ्याच घरांत असं करतात." आणि चहा ठेवायला आत गेली. वर्षभर त्याने तो राग पोसला. मग राग गेला, तो पुन्हा जहाजावर गेला, ती गोष्ट तिथेच राहिली. आज अठ्ठावीस वर्षांनी ओल्या गोणपाटांत बसून त्याला पहिल्यांदा दुसरी बाजू दिसली. घरात सुतक, लहानगा मुलगा विनीत तापलेला, पावसाची झड, आणि ती चिमणीशी बसून लिहितेय, आप्पा बरे आहेत. ज्या एका माणसापाशी रडावं त्यालाच लिहायचं, आणि त्यालाच लिहिताना रडायचं नाही. कागदावर थेंब पडून अक्षर फुटलं तर पुन्हा नवा कागद घ्यायचा. आपण चार दिवस फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणालो तर घशाला कोरड पडली. हिने ते चौतीस वर्षं म्हटलं. पाच कळ्यांच्या ओझ्याने आपण गोखले नाक्यावर रिक्षाखाली येत होतो, आणि हिने केवढं केवढं एकटीने उचललं असेल, आणि कधी सांगितलं नसेल. त्याला तिची इतकी माया आली की बसवेना. खरोखरच तो उठून उभा राहिला, कुठे जायचं ते न कळून अँथुरियमच्या पानांवरचं पाणी बोटाने निपटत राहिला.

दिवेलागणीला फोन वाजला. रोजच्यासारखंच ती म्हणाली, "जेवलात काय? म्हणजे दुपारचं. झाडं कशी हायत?"

"सगुणा, ऐक गो," गंगाराम म्हणाला. "बरं नाही."

"कोण बरं नाय? तुमचं काय दुखतंय?"

"माझं नाही. झाडांचं. कळ्या गळल्या. पाच गळल्या, सहावी गळेल. माझ्यामुळे." आणि मग त्याने सगळं सांगितलं. गोणपाटं, ब्लीचिंग, प्लॅस्टिक, रंग, पंखा. मिरजोळ्याचं सांगितलं. तिथल्या निळ्या झाडाला हात लावला, तेही सांगितलं. आणि शेवटी, चार दिवस खोटं बोललो, हेही सांगितलं.

पलीकडे लांबून भांड्यांचा आवाज आला, कोणी तरी नळ बंद केला.

"पंखा," सगुणा म्हणाली. "माझ्या झाडांना तुम्ही पंखा लावलात." आणि तिला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न दाबलेलं, मग मध्येच "आई गं" करून थांबलेलं. "हसवू नका वो. टाके ताणतात."

"कसले टाके?"

 पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तुम्ही सांगितलंत, मग मी पण सांगते," ती म्हणाली. "कमळाचा गुडघा ठणठणीत हाय. ती माझ्यापुढे धावते. ऑपरेशन माझंच झालं, इथल्या इस्पितळात. काखेखाली गाठ होती. काढली. तपासायला पाठवली होती, काल कागद आला, साधी निघाली. म्हणजे आता काळजी नाय. बसलाव ना? उभे असाल तर बसा."

तो बसला. कुठे बसला ते त्याला कळलं नाही. ओल्या फरशीवरच बसला.

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

गणपतीत तो घरात होता. आरतीला झांज त्यानेच वाजवली होती, मोदक मोजून एकवीस खाल्ल्याची फुशारकी मारली होती. दिवाळीत घरात होता. परवाच्या संक्रांतीला घरात होता. रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होता, आणि ती अंधारात काखेखाली बोट लावून बघत होती, वाढली काय, आणि सकाळी उठून, चहा घ्या वो, म्हणत होती.

"सगुणा, मी घरी होतो," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मी घरी आहे."

"माहीत हाय मला."

"मग?"

"सवय वो," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच कळेना. वाटलं, साधी निघाली तर सांगायलाच नको. नाय निघाली तर बघू." आणि मग, आजवर पत्रात किंवा फोनवर त्याने कधी न ऐकलेल्या, बारीक, पोरीसारख्या आवाजात: "आत नेलं तेव्हा फार भीती वाटली मला. कमळा बाहेर होती. पण भीती वाटली."

बाहेर अंधारून आलं होतं, गोणपाटांतून पाणी ठिबकत होतं. गंगाराम म्हणाला, "मी येतो. उद्या सकाळी निघतो."

"कशाला, रविवारी मी येतेच हाय. आणि झाडांना कोण बघेल?"

"त्या बँकेतल्या मुलीला किल्ली देतो. ती नीट बघेल, माझ्यासारखं काही करणार नाही. येऊ ना?"

चौतीस वर्षांत किती बाळंतपणं, किती आजारपणं, किती वादळं त्या घरावरून गेली, पण 'या' हा शब्द तिने त्याला कधी लिहिला नव्हता. लिहून उपयोग नसतो हे पहिल्या वर्षीच तिला सासूने सांगितलं होतं, आणि ती शहाणी मुलगी होती. आता गंगाराम कानाला फोन घट्ट लावून, श्वास धरून, ओल्या फरशीवर बसला होता.

"या," सगुणा म्हणाली. "सहाची गाडी असते. तिने या."